चपल, विक्रांत आणि एक चुकलेले उत्तर

यंदा आपल्या मंडळाच्या मुलांनी युद्धनौकेचा देखावा करायचे ठरवले आहे, हे एव्हाना सर्वांना कळले असेलच. इतर ठिकाणी असे देखावे थर्माकोलचे होतात. आपल्या पीण्यात थर्माकोलपेक्षा पत्रा लवकर मिळतो, आणि तो कापून, वाकवून, वेल्डिंग मारून देणारे हातही गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे नौका चांगलीच भक्कम होणार यात शंका नाही. मुलांनी कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर जतन करून ठेवलेली ‘आयएनएस चपल’ ही क्षेपणास्त्र नौका नमुना म्हणून निवडली आणि फलकासाठी मजकूरही तयार केला: ‘१९७१ साली कराची बंदर पेटवणारी आपल्या कर्नाटकातील आयएनएस चपल’. काका, तुम्ही ती पाहून आला आहात, स्मरणिकेसाठी तिच्यावर चार पाने लिहा, असा त्यांचा आग्रह पडला. लिहायला बसलो आणि पहिलीच गोष्ट करावी लागली ती म्हणजे मुलांना बोलावून फलक थांबवायला सांगणे. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब बेळगावला धाकट्या भावाकडे निघालो होतो. जावयांनी गाडी काढली. सौ., मुलगी, जावई, नऊ वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात. आपल्या दारावरून जाणारा हा तुमकूर रस्ता म्हणजे पुण्या-मुंबईला जाणारा हमरस्ताच. त्याच रस्त्याने हुबळीपर्यंत गेलो आणि तिथून वाट वाकडी करून यल्लापूर, अरबैलचा घाट उतरून अंकोल्यामार्गे कारवारला पोहोचलो. घाट उतरताना नातीने दोनदा गाडी थांबवायला लावली, ते सोडले तर प्रवास सुखाचा झाला.

कारवारच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले होते. या किनाऱ्यावर, हमरस्त्याला लागूनच, चपल उभी आहे. पाण्यात नव्हे, जमिनीवर. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. नाव ऐकून नात हसतच सुटली. तिला वाटले, बोटीचे नाव ‘चप्पल’! आपल्या मराठीतला ‘चपळ’ तोच हा शब्द, असे आजीने समजावले, तरी दिवसभर ती चप्पलच म्हणत राहिली.

बाहेरून पाहता ही नौका फार मोठी वाटत नाही. लांबी सुमारे ३९ मीटर, वजन पूर्ण भरलेली असताना साधारण २४५ टन. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शेडमध्ये तिरकी लावली तर मावेल. पण जिना चढून आत गेले की कळते, तीसेक माणसांचा संसार या एवढ्या जागेत चालत होता. दारे इतकी बुटकी की जावयांना दोनदा कपाळमोक्षाचा प्रसंग आला. झोपायच्या जागा एकावर एक. कमांडरची खोली आपल्या देवघराएवढी. आत गणवेशातले पुतळे मांडलेले आहेत, ते पाहून नात आधी घाबरली आणि मग एका पुतळ्याला सलाम करून आली. सौ. शिडी पाहून म्हणाल्या, “अहो, तुम्ही या जाऊन, मी इथे पाण्याच्या बाटल्या सांभाळते.” त्या बाहेर सावलीत बसल्या आणि शेजारच्या कोकणी बाईंकडून माशांचे भाव विचारून घेतले.

वरच्या डेकवर पुढे आणि मागे दुहेरी नळीच्या ३० मिलिमीटरच्या तोफा आहेत. दोन्ही बाजूंना दोन दोन अशी चार जाड नळकांडी आहेत. नातू त्यांच्याकडेच बघत राहिला. यांतूनच क्षेपणास्त्रे सुटायची, असे मी सांगितले. तो म्हणाला, “आबा, मग हीच का ती कराचीवर गेलेली?” मी छाती फुगवून म्हणालो, “हो तर! हीच ती!” आजूबाजूची दोन-चार माणसेही आपापल्या मुलांना तेच सांगत होती. वर्तमानपत्रांत, सहलीच्या पत्रकांतही मी तसेच वाचले होते.

रात्री लॉजवर नातू आईच्या मोबाईलवर काहीतरी शोधत बसला होता. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “आबा, ही बोट नेव्हीत आली १९७६ ला. मग १९७१ ला कशी गेली?”

मी गप्प. चाळीस वर्षे मशीन शॉपमध्ये काढली. मोजमाप न घेता ‘बरोबर आहे’ म्हणायचे नाही, हे शेकडो पोरांना शिकवले, आणि इथे नातवाला न मोजता माप सांगून बसलो.

नातवाचे म्हणणे खरे होते. चपल नौदलात दाखल झाली नोव्हेंबर १९७६ मध्ये. कराचीची लढाई झाली डिसेंबर १९७१ मध्ये. मधली पाच वर्षे काही केल्या बुजत नाहीत. घरी आल्यावर मी मिळेल ते वाचून काढले. त्यातून जे हाती लागले ते असे.

कराचीवर गेलेल्या नौका चपलच्या थोरल्या बहिणी होत. सोव्हिएत रशियाने साठच्या दशकात क्षेपणास्त्र सोडणाऱ्या छोट्या वेगवान नौकांचा एक प्रकार काढला. पाश्चात्त्य देशांनी त्याला ‘ओसा’ असे नाव ठेवले. ओसा हा रशियन शब्द, अर्थ गांधीलमाशी. आकार लहान, डंख जबर! अशा नौका काय करू शकतात, याची चुणूक २१ ऑक्टोबर १९६७ रोजी जगाला मिळाली होती. इजिप्तच्या याहूनही लहान नौकांनी रशियन क्षेपणास्त्रे सोडून इस्रायलची ‘इलात’ ही विनाशिका बुडवली. भारताने त्यानंतर रशियाकडून आठ ओसा नौका घेतल्या. विद्युत, विजेता, विनाश, वीर, निपात, निर्घात, निर्भीक आणि नाशक अशी त्यांची नावे. १९७१ च्या सुरुवातीला त्या मालवाहू जहाजांवरून आल्या त्या कलकत्त्यात. एवढे वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून त्या कलकत्त्यात उतरवून सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून ओढत मुंबईला आणाव्या लागल्या. क्रेनची क्षमता काय चीज असते हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

या नौका खरे तर बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या. लांब पल्ल्याला जाणे त्यांचे काम नव्हे, तेवढे इंधनच त्यांच्यात मावत नाही. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांनी मात्र त्यांना हल्ल्यासाठी वापरायचे ठरवले. नंदांचे बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा बेटावर गेले होते, ही मोठी विलक्षण गोष्ट. ते बंदर त्यांना घरच्या अंगणासारखे माहीत. इंधनाचा प्रश्न सोडवायला वाटेचा काही भाग मोठ्या नौकांनी या छोट्या नौकांना दोराने ओढत न्यायचे, अशी युक्ती झाली. नावाड्यांचे प्रशिक्षण रशियात झालेले असल्यामुळे बिनतारी यंत्रावर ते आपसांत रशियन बोलत, म्हणजे शत्रूने ऐकले तरी बुचकळ्यात पडावे, असेही सांगतात.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन नौका कराचीच्या दक्षिणेला पोहोचल्या. सोबतीला किल्तान आणि कच्छल या मोठ्या नौका होत्या. नेतृत्व कमांडर बब्रू भान यादव यांच्याकडे होते. निर्घातने ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. वीरने ‘मुहाफिझ’ हा सुरुंग काढणारा जहाजी बळी घेतला. निपातच्या क्षेपणास्त्रांनी ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाज गेले. आपली एकही नौका गमावली नाही. यादवांना पुढे महावीरचक्र मिळाले. चार दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, त्रिशूल आणि तलवार यांच्यासह एकटी विनाश गेली. तिच्या चार क्षेपणास्त्रांनी केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो, तो या पहिल्या रात्रीच्या स्मरणार्थ.

या सगळ्यात चपल कुठेच नाही. या यशानंतर भारताने आणखी आठ नौका मागवल्या. त्या ओसाच्या सुधारित प्रकारातल्या होत्या. प्रचंड, प्रलय, प्रताप, प्रबळ, चमक, चपल, चातक, चारग अशा नावांच्या या नौका १९७६-७७ मध्ये दाखल झाल्या. चपल त्यांतली एक. म्हणजे थोरल्या बहिणींनी पराक्रम केला म्हणून धाकटीचा जन्म झाला, असे म्हणता येईल. धाकटीने त्यानंतर जवळजवळ एकोणतीस वर्षे पश्चिम किनाऱ्यावर राखण केली आणि २००५ साली ती निवृत्त झाली. लढाई वाट्याला आली नाही, म्हणून तिची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. आपल्या सोसायटीच्या रखवालदाराने एकोणतीस वर्षांत एकही चोर पकडला नाही, तर आपण त्याला काय म्हणू?

आता गंमत अशी की हे सगळे पुस्तकात न शोधताही चपलसमोर उभे राहून ओळखता येते. मी डोळे उघडे ठेवले असते तर नातवाला तिथेच बरोबर उत्तर देऊ शकलो असतो. पहिल्या ओसा नौकांवर क्षेपणास्त्रे ठेवायची जागा पेटीसारखी, चौकोनी होती. सुधारित प्रकारात क्षेपणास्त्राचे पंख दुमडायची सोय झाली. त्यामुळे पेटीची जागा गोल नळकांड्याने घेतली. वजन वाचले, जागा वाचली, आणि नव्या क्षेपणास्त्राचा पल्लाही जुन्याच्या जवळपास दुप्पट झाला. कारवारला चपलच्या डेकवर आहेत ती गोल नळकांडीच. १९७१ च्या नौकांची छायाचित्रे शेजारी धरली की लहान मूलसुद्धा फरक सांगेल. आपल्या देखाव्याची नळकांडी मुलांनी पत्रा रोल करून गोलच केली आहेत, हे बघून मला फार बरे वाटले. नौका अचूक झाली आहे. चूक फक्त फलकावर होती.

इंजिनाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, आपले वाचक त्याच जातीचे आहेत. पहिल्या ओसांना ४२ सिलिंडरची तीन डिझेल इंजिने होती. सुधारित प्रकाराला ५६ सिलिंडरची तीन. एकाच इंजिनात छप्पन्न सिलिंडर! मधल्या क्रँकशाफ्टभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ सिलिंडर, अशी रचना. एकेका इंजिनाची ताकद ५,००० अश्वशक्ती. त्या जोरावर ही २४५ टनांची वस्तू ताशी ६५ किलोमीटरच्या वर पळायची. अशा इंजिनाचे पिस्टन रिंग बदलणाऱ्या माणसाला माझा दंडवत.

चपलच्या आधी मी एकच युद्धनौका आतून पाहिली होती, ती मुंबईची विक्रांत. मुलगी तेव्हा नववीत होती. विक्रांत निवृत्त झाली ३१ जानेवारी १९९७ रोजी. त्यानंतर तिचे तरंगते संग्रहालय करण्यात आले. २००१ पासून २०१२ पर्यंत, वर्षातले ठरावीक दिवस, ती लोकांना पाहायला खुली असे. ठाण्याच्या मेहुण्यांकडे आम्ही उतरलो होतो. दोन्ही घरची मिळून नऊ माणसे, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. रांगेत पाऊण-एक तास गेला असेल. आत शिरल्यावर मात्र सगळ्यांचे बोलणेच थांबले. विमाने ठेवायचे ते खालचे हँगर! मी तोवर एवढी मोठी छताखालची जागा फक्त एचएमटीत पाहिली होती. वर धावपट्टीवर उभे राहिलो तर समोर मुंबई बंदर, वारा एवढा की मेहुण्यांची टोपी उडाली. लांबी २१३ मीटर. चपलसारख्या पाच नौका एकापुढे एक लावून वर जागा उरावी.

विक्रांतचा जन्मही गमतीचा. ‘हर्क्युलिस’ या नावाने इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या कारखान्यात १९४३ साली तिचे काम सुरू झाले. सप्टेंबर १९४५ मध्ये सांगाडा पाण्यात सोडला तोवर दुसरे महायुद्ध संपले होते. काम अर्धवट ठेवून दिले. दहा-अकरा वर्षे ती तशीच पडून होती. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडितांच्या उपस्थितीत ती आपल्या नौदलात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला पोहोचली तेव्हा स्वागताला पंडित नेहरू स्वतः होते.

१९७१ ला तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते. वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे विमान उडवायला समोरून लागणारा वाराही कमी. अशा स्थितीत तिला युद्धात न्यायचे की नाही यावर बराच खल झाला. अखेर ती बंगालच्या उपसागरात गेली. तिला शोधत आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, आणि ४ डिसेंबरपासून विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावला झोडपले. तीन बॉयलरवर! दुरुस्तीला टाकलेले मशीन डिस्पॅचच्या आठवड्यात चालवावे लागते तेव्हा काय होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातली जोखीम कळेल.

हे सारे मी मुलीला त्या डेकवर उभे राहून सांगितले होते, आणि ते तिला अजून आठवते. तिच्या मुलाला मात्र ती जागा दाखवता येणार नाही. २०१४ च्या जानेवारीत विक्रांतचा लिलाव झाला. साधारण साठ कोटी रुपयांना ती मुंबईच्याच दारूखान्यातल्या जहाज तोडणाऱ्या व्यावसायिकाकडे गेली. ती वाचवण्यासाठी लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये अखेरची याचिका फेटाळली आणि नोव्हेंबरमध्ये गॅस कटर लागले. सरकारचे म्हणणे असे की बुडाचे पत्रे झिजून नौका धोकादायक झाली आहे, आणि संग्रहालय चालवायला पैसे घेऊन पुढे येणारे कोणी नाही. त्या पोलादातले काही पुढे मोटरसायकलमध्ये आले. २०१६ मध्ये बजाजने ‘व्ही’ नावाची गाडी काढली, तिच्या टाकीत विक्रांतचे पोलाद मिसळले होते. आपल्या शॉपच्या बाहेरही तशा दोन गाड्या उभ्या असायच्या. मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ विक्रांतच्याच धातूचे एक शिल्प जानेवारी २०१६ पासून आहे. आणि हो, २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी, स्वदेशी बनावटीची विक्रांत नौदलात दाखल झाली, नाव चालू राहिले. पण मी म्हणतो ती जुनी धावपट्टी आता कुणालाच दिसणार नाही.

या संदर्भात एक गोष्ट वाचनात आली, ती मला अजून डाचते. विक्रांत ज्या मुंबईच्या गोदीत संग्रहालय म्हणून उभी होती, त्याच गोदीत १८१७ सालच्या ऑक्टोबरात ‘त्रिंकोमाली’ नावाची लाकडी युद्धनौका बांधून पाण्यात सोडली गेली होती. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड मलबारचे सागवान. नेपोलियनशी लढून इंग्लंडमधले ओकचे लाकूड आटले होते, म्हणून ब्रिटिश नौदलाने ही नौका मुंबईत बांधून घेतली. तिचे पहिले नकाशे ज्या ‘जावा’ जहाजातून मुंबईकडे येत होते ते जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ नौकेने हरवले. नकाशे गेले, दुसरे मागवावे लागले, तोवर काम लांबले. ती कॉन्स्टिट्यूशन आज बोस्टनला जपलेली आहे. आणि आपली त्रिंकोमाली? तीही आहे! इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावात ती पाण्यावर तरंगते आहे, आणि तिकडची मुले आईबापांसोबत डबे घेऊन ती बघायला जातात. दहा-अकरा वर्षे खपून तिची डागडुजी पूर्ण झाली ती २००१ मध्ये, म्हणजे नेमकी इकडे विक्रांत लोकांना खुली झाली त्या वर्षी.

आता नकाशा उघडून बघा. हार्टलपूलपासून टाइन नदी, जिथे विक्रांतचा सांगाडा तयार झाला, पन्नासेक किलोमीटरवर आहे. मुंबईत बांधलेली नौका त्यांनी तिकडे दोनशे वर्षे सांभाळली. तिकडे बांधलेली, आपल्यासाठी लढलेली नौका आपल्याला मुंबईत सतरा-अठरा वर्षे सांभाळता आली नाही.

रागाने असे लिहून जातो खरे, पण लोखंडात आयुष्य गेलेला माणूस म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सागवान आणि पोलाद यांचा हिशेब वेगळा आहे. खाऱ्या पाण्यात उभे असलेले पोलाद दिवसरात्र झिजते. बुडाला जस्ताचे ठोकळे लावा, रंग द्या, तरी ठरावीक वर्षांनी नौका सुक्या गोदीत चढवून पत्रे बदलावेच लागतात. वीस हजार टनांच्या नौकेसाठी अशी गोदी रिकामी मिळणे मुश्कील, आणि ती नौदलाच्या चालू नौकांना आधी लागणार. अमेरिकेची ‘टेक्सास’ ही युद्धनौका १९४८ पासून संग्रहालय आहे. तिचेही बूड गळू लागले आणि २०२२ मध्ये तिला ओढत दुरुस्तीला न्यावे लागले. ज्यांनी हे ओळखले त्यांनी नौका पाण्याबाहेरच काढल्या. इंग्लंडची ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून सुक्या गोदीत आहे. जपानने ‘मिकासा’ योकोसुकाच्या किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये बसवली. आपल्याकडे विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ ही ९१ मीटर लांबीची पाणबुडी वाळूवर ओढून आणली आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांना खुली केली. ती अजून आहे. २००६ पासून कारवारची चपल आहे, तीही जमिनीवर. टिकल्या त्या पाण्याबाहेर काढलेल्या. विक्रांतपाठोपाठ ‘विराट’चेही तेच झाले. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करायची ८५२ कोटींची योजना महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजूर केली. माझे अर्धे नातेवाईक तेव्हापासून सहलीचे बेत करू लागले होते. पण सप्टेंबर २०२० मध्ये तिने मुंबई सोडली ती अलंगला तोडायला जाण्यासाठी.

वाळूवर ठेवली म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. कारवारच्या खाऱ्या वाऱ्यात चपलच्या कडाकडांना गंज धरतो, तो मी अंगठ्याने खरवडून पाहिला. (सौ. म्हणाल्या, “अहो, हात लावू नका, दंड करतील.”) दर दोन पावसाळ्यांनी घासून प्रायमर, रंग, पुन्हा घासणे, याला पर्याय नाही. पण २४५ टनांना ते परवडते. एवढे रंगकाम तर आपल्यापैकी कितीतरी जण शेडचे करतातच.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. बंगळूरहून कारवारला रात्रीची रेल्वे आहे, सकाळी किनाऱ्यावर. चपलशेजारी नौदलाचे टीयू-१४२ हे प्रचंड टेहळणी विमानही आता आणून उभे केले आहे. हा प्रकार २०१७ पर्यंत नौदलाच्या सेवेत होता. चपल छोटी आणि विमान मोठे, हा उलटा प्रकार मुलांना भारी आवडेल. गावाबाहेर अरग्याला नौदलाचा ‘कदंब’ तळ आहे. २००५ मध्ये तो सुरू झाला, त्यासाठी किनाऱ्यावरची बरीच गावे उठली, हेही स्थानिक लोक सांगतात ते ऐकून यावे. काळी नदीपलीकडे सदाशिवगड. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरला आले, आणि परतताना गोकर्ण करून कारवारला पोहोचले, तेव्हा इथल्या इंग्रज वखारवाल्यांना खंडणी भरावी लागली. म्हणजे मराठी आरमार या किनाऱ्याला नवे नाही. आणखी एक दिवस हाताशी असेल तर पुढे गोव्यात बोगमाळ्याला नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक आणि अलिझे पाहायला मिळतात, विक्रांतवरून उडायची ती याच जातीची विमाने. नातवाला मी तिथे नेले. या वेळी तोंड उघडण्याआधी फलकावरची वर्षे वाचली. तो म्हणाला, “आबा, ही चालतील ना १९७१ ला?” मी म्हटले, “चालतील.”

फलकाचा नवा मजकूर मुलांनी मान्य केला आहे: ‘आयएनएस चपल, सेवाकाल १९७६ ते २००५. हिच्या थोरल्या बहिणी निपात, निर्घात, वीर आणि विनाश यांनी डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर हल्ला केला.’ खाली एक चौकोनी पेटी आणि एक गोल नळकांडे काढून फरक दाखवला आहे, ते चित्र नातवाने काढले. अक्षरांना शेवटचा हात काल रात्री दिला. रंग अजून ओला आहे, दर्शनाला येताना लहान मुलांना जरा लांब धरावे.